जहाजाच्या मॉडेलच्या पट्ट्यांमधे फटी पडल्यात, उचकटू की लांबी (पुट्टी) भरू?

शीडवाली (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. माझे बाबा सातपूरला एका कंपनीत टूलरूमला होते, ३४ वर्षं. रिटायर झाल्यापासून हाताला काम नाही ह्याचाच त्यांना त्रास होतो, म्हणून भावाने बाहेरून येताना लाकडी शिडाच्या जहाजाचं किट आणलं. ब्लूनोज नावाची दोन डोलकाठ्यांची स्कूनर, १:७५ स्केल. मूळ बोट कॅनडातली, मासेमारीची आणि शर्यतीची, १९२१ साली पाण्यात उतरली होती आणि त्यांच्या १० सेंटच्या नाण्यावर अजून तिचं चित्र आहे. बाबांनी हे सगळं वाचून काढलं, नाण्याचा फोटो प्रिंट करून टेबलाच्या वर लावलाय.

जुलैमधे सांगाडा झाला, एकदम मस्त. प्लायचा कणा आणि त्यावर आडव्या फासळ्या, बाबांनी प्रत्येक फासळी गुण्यात (काटकोनाच्या पट्टीत) धरून बसवली. ऑगस्टमधे आम्ही बाहेरच्या पट्ट्या लावायला घेतल्या, पहिला थर, ५ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं ना, तोच आठवडा, घरात टॉवेलसुद्धा वाळत नव्हते. पट्ट्या नीट वाकाव्यात म्हणून रात्रभर बादलीत भिजवल्या आणि सकाळी ओल्याच फेविकॉलने चिकटवल्या, टोकांना फेविक्विक. तेव्हा सगळं घट्ट बसलेलं दिसत होतं.

आता ऑक्टोबरचं ऊन पडलंय आणि मधल्या भागात पट्टी-पट्टीत फटी पडल्यात, एकात तर व्हिजिटिंग कार्ड आरामात जातं. आणि पुढे नाळेपाशी (जहाजाच्या पुढच्या टोकाला) पट्ट्या एकमेकींवर चढल्यात, बोट फिरवलं तर पायऱ्या लागतात. बाबा म्हणतात सगळं उचकटायचं, असा जॉब आमच्याकडे पुढच्या टेबलावर गेला नसता. मला वाटतं लांबी भरून घासून घ्यावं कारण वरून दुसरा पातळ थर येणारच आहे आणि उचकटताना सांगाडाच मोडला तर काय करायचं. पण खरं सांगते, बाबा पहाटे चहा घेऊन ते जहाज मांडीवर घेऊन बसतात आणि नखाने ती फट चाचपत राहतात, ते बघवत नाही. कोणी केलंय का असं काम? काय करावं?

भुस्सा (पुणे)
ताई आधी एक, घाबरू नका, पहिल्या जहाजाला हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि दुरुस्त होतं. मी आत्तापर्यंत चार केलीत, पहिल्याला मीही हेच केलं होतं.

फटी का पडल्या ते तुमच्याच पोस्टमधे आहे. लाकूड पाण्याने रुंदीत फुगतं, लांबीत फारसा फरक पडत नाही. तुम्ही फुगलेली पट्टी फुगलेल्या पट्टीला चिकटवली, त्यातून हवेत ओल, आता वाळल्यावर प्रत्येक पट्टी थोडी थोडी आकसली आणि तो फरक फटीत दिसतोय. पट्टी भिजवायची ती फक्त वाकवायला, १५-२० मिनिटं पुरे, मग फासळ्यांवर वाकवून कपड्याचे चिमटे नाहीतर बाईंडर क्लिप लावून ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची, तिने आकार धरला की काढून मगच फेविकॉल. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागले तरी लागू द्या.

आता मला तीन गोष्टी सांगा. पट्ट्या एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशा लावल्यात की एक बाजू पूर्ण करून मग दुसरी? चिकटवायच्या आधी फासळ्यांच्या कडा तिरक्या घासल्या होत्या का? आणि पट्ट्या पुढे निमुळत्या केल्या होत्या का, की आल्या तशाच लावल्या?

पंचवटी_सुतार
मी फर्निचरवाला, जहाज कधी केलं नाही पण लाकूड तेच. मधल्या फटींसाठी काही उचकटू नका. त्याच लाकडाच्या पातळ कापच्या काढा, फेविकॉल लावून फटीत सरकवा, वाळल्यावर पटाशीने वरचं उडवा. उरलेलं बारीक ते भुस्सा आणि फेविकॉल कालवून भरा. बाजारची लांबी एवढ्या पातळ कामात नको, उन्हाळ्यात लाकूड हललं की तडकून निघते. आणि भुस्सा त्याच पट्टीचा घ्या, दुसरा घेतला तर रंग वेगळा मारतो. तुमच्याकडे वर थर येणार म्हणताय तर रंगाचं टेन्शन नाही पण सवय चांगली.

शीडवाली
दोघांचे आभार. बाबा शेजारी बसलेत, तेच उत्तरं सांगतायत. एक बाजू आधी केली, सहा पट्ट्या उजवीकडे आणि मग डावीकडे. फासळ्या घासल्या नव्हत्या, लेझरने कापून आल्यात तर मापातच असणार असं वाटलं. पट्ट्या होत्या तशाच लावल्या, ५ मिमी सगळीकडे.

भुस्सा (पुणे)
मग सगळा उलगडा झाला. मधल्या फटींचं पंचवटीवाल्या दादांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण नाळेपासचं लांबीने सुटणार नाही. पायऱ्या घासून सपाट करायला गेलात तर दीड मिमीची पट्टी कुठेतरी आरपार जाईल, आणि वरचा थर अर्धा मिमीच्या आसपास असतो, तो खालचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. म्हणून माझं मत असं की नाळेकडचे ८-१० सेमी उचकटा, बाकीचं राहू द्या. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर, आणि नाळेच्या बाबतीत बाबांचं जास्त.

उचकटायचं कसं, तर फेविकॉल साधा असेल तर तो ओल आणि उष्णतेने नरम होतो (वॉटरप्रूफ मरीनवाला असेल तर नाही होणार, डबा बघा). ओलं फडकं पट्टीवर ठेवा, वरून इस्त्रीचं टोक अर्धा मिनिट, मग बोथट सुरी सरकवा. पाण्यात बुडवू नका, कणा प्लायचा आहे, फुगेल. फेविक्विकला ॲसिटोन, कापसाच्या बोळ्याने, खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस-उदबत्ती काही नको.

सुटलं की फासळ्यांच्या कडांना पेन्सिल फासा आणि पॉलिश पेपर एका लवचिक पट्टीला चिकटवून दोन-तीन फासळ्यांवरून एकदम फिरवा. पुढच्या भागात जहाज नाळेकडे निमुळतं होतं ना, म्हणून फासळीची नाळेकडची कड घासली जायला हवी आणि मागची कड तशीच राहायला हवी. सुकाणूकडे बरोबर उलटं. मधेमधे एक सुटी पट्टी आडवी टाकून बघायची, ती प्रत्येक फासळीवर पूर्ण जाडीने टेकली पाहिजे, नुसती कडेवर तरंगायला नको. नाळेपाशी फासळ्यांमधे अंतर जास्त असेल तर हलक्या लाकडाचे ठोकळे बसवून तेही घासा, पट्टीला बूड मिळतं.

मालवणी_खलाशी (मूळ मालवण, सध्या गंगापूर रोड)
भुस्सा यांनी निमुळत्या पट्ट्यांचं विचारलं पण पुढे लिहायचं राहिलं बहुतेक, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून मी लिहितो. माझे आजोबा होड्या बांधायचे, लहानपणी मी फळ्या धरायला असायचो. होडी मधे पोट सुटलेली आणि टोकांना बारीक, म्हणजे पोटावर जेवढ्या फळ्या तेवढ्याच नाळेवर मावल्या पाहिजेत, मग फळी नाळेकडे अरुंद होणारच, दुसरा इलाज नाही. तुमच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या कारण त्यांना जागाच नव्हती.

हिशोब सोपा आहे. कागदाची पट्टी घेऊन सगळ्यात मोठ्या फासळीवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत मोजा. समजा ११० मिमी आलं, भागिले ५ म्हणजे २२ पट्ट्या. आता नाळेजवळच्या फासळीवर तसंच मोजा, समजा ६६ आलं, भागिले २२ म्हणजे ३ मिमी. तिथे प्रत्येक पट्टी ३ ची करायची. मधल्या प्रत्येक फासळीवर असंच मोजून खुणा करा आणि पट्टी त्या खुणांना जोडून तासा. निम्म्यापेक्षा अरुंद मात्र करायची नाही, ५ ची पट्टी अडीचच्या खाली गेली की टोक चिरतं, तेव्हा दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. मागे सुकाणूकडे कधी कधी उलटं होतं, जागा उरते, तिथे पाचरीसारखा तुकडा घालतात. तुम्हाला आता मधून जोड द्यावा लागणार, तर सगळे जोड एकाच फासळीवर घेऊ नका, एक इथे एक तिथे असे घ्या, नाहीतर एका रेषेत उंचवटा येतो.

आणि एक बाजू आधी केली म्हणालात ना, तर कणा तपासा. जहाज उलटं करा, नाळेपासून मागपर्यंत कण्यावर दोरा ताणा आणि एक डोळा मिटून बघा. आजोबा रोज काम सुरू करायच्या आधी असंच बघायचे. एका बाजूच्या पट्ट्या वाळताना ओढ घेतात आणि कणा तिकडे वाकतो.

जाता जाता, ब्लूनोजची किटं मिळतात, लंडनच्या जहाजांची मिळतात, मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली १८१७ सालची त्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर उभी आहे. पण कान्होजी आंग्रेंच्या गुराबेचं (मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं) चांगलं किट कोणीतरी काढायला हवं हे मला फार मनापासून वाटतं.

शीडवाली
दोरा लावला!! दीड-दोन मिमी उजवीकडे वाकलाय. बाबा एकदम गप्प झाले, मग म्हणाले बरं झालं आत्ता कळलं, डोलकाठी उभी केल्यावर कळलं असतं तर? आता काय?

मालवणी_खलाशी
दोन मिमी म्हणजे काही नाही. नाळेकडचं उचकटलं की अर्धी ओढ तशीच सुटेल. मग सरळ फळीवर कणा लोखंडी गुण्यांच्या मधे दाबून ठेवा आणि नवीन पट्ट्या त्यातच लावा, डावी-उजवी, डावी-उजवी. सगळ्या लावून होईपर्यंत बाहेर काढू नका.

पंचवटी_सुतार
पट्ट्या कमी पडल्या तर शिवणीचं लाकूड बघा, हलकं असतं आणि छान तासलं जातं. साग वापरणार असाल तर चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा, सागाला तेल असतं, फेविकॉल नीट धरत नाही. आणि बारीक चिमटे, हातगिरमिट, अर्ध्या मिमीची ड्रिल बिटं हे हार्डवेअरला शोधत बसू नका, सराफ बाजारात सोनारकामाचं सामान मिळतं तिकडे जा.

शीडवाली
सतरा दिवसांनी लिहितेय. नाळेकडचं दोन्ही बाजूंनी उचकटलं, दोन पट्ट्या तुटल्या, सांगाडा एकदम शाबूत. आमचं माप मोठ्या फासळीवर १०५ आणि नाळेपाशी ६० आलं, म्हणजे २१ पट्ट्या आणि टोकाला २.८ च्या जरा वर. बाबांनी त्यांचा जुना व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढला, कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, आणि प्रत्येक फासळीवर पट्टीच्या खुणा केल्या. पट्टी तासायला त्यांनी पितळेच्या दोन पट्ट्यांमधे धरायचा जिग बनवलाय, त्यातून चार-चार पट्ट्या एकसारख्या निघतात. जोड एकाआड एक घेतले. मधल्या फटीत कापच्या भरल्या, त्या माझ्याकडे होत्या, बोटं दुखली पण आता हात फिरवला तर कुठे फट आहे तेही सांगता येत नाही.

आज नाळेवरची अकरावी जोडी लागली. दोरा पुन्हा ताणला, कण्यावरून बरोबर मधून जातोय. सराफ बाजारातून हातगिरमिट आणलं, मेणासाठी परत जायचंय कारण बाबांना आता दोऱ्यांचं वाचायचंय, उभे दोर काळे आणि शिडं ओढायचे दोर फिकट असं काहीतरी म्हणत होते. त्याचं वेगळं विचारीन. दुसरा थर मात्र थंडी पडून हवा कोरडी झाल्यावरच घेणार, ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.