जुनी एमएक्स-५: चाकांच्या कमानी रुंद करायच्यात, फायबर की पत्रा?

रुंदकमान
नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९१ चं मॉडेल. सध्या मूळची १४ × ५.५ इंची चाकं (ऑफसेट, म्हणजे चाक हबला टेकतं ती पातळी रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर, +४५) आणि १८५/६० आर१४ टायर आहेत. त्याजागी १५ × ८, ऑफसेट +२०, टायर २०५/५० आर१५ लावायचा विचार आहे. तयार मिळणाऱ्या, वरून स्क्रू दिसणाऱ्या कमानी नकोत. या गाडीची गोलाई त्यांनी मोडते. स्वतः आखलेली, मूळ पत्र्यातूनच फुगलेली वाटेल अशी ५० मिमीची कमान हवी आहे. शिवाय पुढे बंपरखाली लिप (हवा अडवणारी पट्टी) आणि डिकीच्या कडेला डकटेल (बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड). फायबरची (काचतंतू आणि रेझिनची) कमान करून सांधा पुट्टीने बुजवला तर टिकेल का? मागचा पत्रा किती कापता येतो? आणि दोन्ही बाजू सारख्या कशा आणायच्या?

ऑफसेटवाला
५० हा आकडा सध्या बाजूला ठेवा, चाकापासून हिशेब करा. तुमच्या रिमची बाहेरची कड मूळपेक्षा ५७ मिमी बाहेर येते आणि आतली कड ७ मिमी आत सरकते. २०५/५० चा टायर साधारण ७.५ इंचापर्यंतच्या रिमसाठी असतो, ८ वर तो ताणला जातो आणि रिमची कड उघडी पडते. ८ इंचीच घ्यायची असेल तर २२५/४५ आर१५ बघा. व्यास ५८४ मिमी येतो, मूळ टायरचा ५७८ आहे, म्हणजे स्पीडोमीटरमध्येही फारसा फरक नाही. मूळ चाक कमानीच्या आत किती बसलंय ते चारही ठिकाणी ओळंबा सोडून मोजा, ते ५७ मधून वजा करा, म्हणजे कमान खरी किती बाहेर हवी ते कळेल.

मग स्प्रिंग काढून नुसता शॉक अ‍ॅब्सॉर्बर बंप स्टॉपसकट (चाकाचं वर जाणं थांबवणाऱ्या रबरी तुकड्यासकट) बसवा आणि जॅकने चाक पूर्ण वर न्या. पुढे स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन भुजांचं सस्पेन्शन) आहे, त्यामुळे चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकतो. माथ्यावर जागा आपोआप मिळते. घासतं ते पुढच्या चाकाच्या मागे-पुढे, वळवलेल्या स्थितीत. सगळीकडे निदान १० मिमी मोकळं राहायला हवं. ऑफसेट २५ मिमीने कमी झाल्यामुळे स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) तेवढाच वाढणार. स्टीअरिंग जड होईल, खड्ड्यात हिसके बसतील आणि बेअरिंगवर भार वाढेल. +३० किंवा +३५ मध्ये चाक मिळालं तर कमानही लहान होईल. या गाडीला ती जास्त शोभते, हे माझं ठाम मत.

पत्राकाम
डिझाइनच्या आधी गंज बघा. छताचं पाणी दाराच्या मागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) साठतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत असतो. लोहचुंबक फिरवा, पकड सैल वाटली तिथे पुट्टी आहे असं समजा. खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कुजलेल्या सिलवर कमान चढवली तर सहा महिन्यांत कड फुगून वर येते.

पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे. मूळ जोडी काढून जपून ठेवा आणि कापाकापी दुसऱ्या जोडीवर करा. मागचं मडगार्ड बॉडीला वेल्ड केलेलं आहे आणि कमानीच्या कडेला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे जोडलेले असतात. ती कड सरळ कापून टाकली की दोन्ही पत्रे सुटतात, बॉडीचा कडकपणा जातो आणि चाकाने उडवलेला चिखल थेट पोकळीत शिरतो. बहुतेक गाड्या इथेच वाया जातात. बाहेरचा पत्रा खुणेवर कापा, पण आतला २५ मिमी लांब ठेवा. त्याला दर २० ते २५ मिमीवर चिरा द्या, एकेक पट्टी बाहेर वाकवून बाहेरच्या पत्र्याला टेकवा आणि वेल्डिंगचे टाके मारा. टाके सलग नकोत. एक इकडे, पुढचा हातभर लांब, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर आणि शेवटी पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. वेल्डिंगपूर्वी डिकीतली बॅटरी सोडवा. पेट्रोलची टाकी सीटांच्या मागे आहे आणि भरायची नळी मागच्या मडगार्डमधून जाते, त्या बाजूला काम करताना टाकी उतरवलेलीच बरी.

साचेकरी
सांधा पुट्टीने बुजवू नका. पॉलिस्टर फायबर उन्हात पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. वर चाकाची थरथर. एक-दोन उन्हाळ्यांत सांध्यावर केसासारखी रेघ उमटते आणि तिच्यातून पाणी आत जातं. सांधा दिसायलाच नको असेल तर कमान पत्र्याचीच हवी. फायबर हवं असेल तर सांधा उघडा ठेवा, पण तो डिझाइनचा भाग करा. कमानीची वरची कड दाराच्या फटीशी आणि कमरेच्या रेषेशी समांतर न्या, मध्ये २ मिमीची रबरी पट्टी. आतून २५ मिमीची पट्टी वळवून घ्या आणि मडगार्डमध्ये एम५ चे रिव्हनट (पत्र्यात दाबून बसवायचे आट्यांचे नट) दर १०० ते १२० मिमीवर. बोल्ट चाकाच्या बाजूने येतात, बाहेर काही दिसत नाही.

आकार पॉलियुरेथेन फोममध्ये घडवा. थर्माकोल पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो. साचा निघावा म्हणून उभ्या बाजूंना ३ ते ५ अंश उतार द्या. आत वळणारी पट्टी हवी तर साचा दोन तुकड्यांत. नव्या साच्याला वॅक्सचे ५-६ थर आणि वर पीव्हीए (भाग साच्यातून सुटावा म्हणून लावायचा द्रव). जेलकोट (रेझिनचा पहिला, बाहेरून दिसणारा थर) ०.५ मिमीच्या आसपास. पातळ राहिला तर पुढच्या थरातलं स्टायरिन त्याला सुरकुत्या पाडतं. मग आधी काचतंतूंची, चौरस मीटरला ३०० ग्रॅमची एक मॅट, त्यावर ४५० च्या दोन, मिळून साधारण ३ मिमी. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट, हार्डनर १ ते २ टक्के. साच्याची जाडी भागाच्या दुप्पट तरी हवी. साच्यातून घाईने काढलेली कमान केळीसारखी वाकते, एक दिवस आतच राहू द्या. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावाच. हार्डनर आणि कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर कधीच थेट एकत्र करू नका, स्फोट होतो.

रुंदकमान
पत्राच करतो मग, पुढे-मागे दोन्ही. दोन्ही बाजूंच्या मापाचं आणि लिप-डकटेलचं मात्र राहिलं.

ऑफसेटवाला
जुन्या गाडीचे पत्रे डावी-उजवीकडे काही मिमीने वेगळे असतात, त्यामुळे मध्यरेषा बॉडीवरून घेऊ नका. सस्पेन्शनच्या माउंटिंगवरून ओळंबे जमिनीवर सोडा, त्यांचे मध्यबिंदू जोडा. एक बाजू पूर्ण करा, दर ५० मिमीवर जाड पुठ्ठ्याचा छेद कापा, त्यावर मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा आणि दुसऱ्या बाजूला उलटा करून लावा. २ मिमीचा फरक नजरेला कळत नाही, पण चाक आणि कड यांतली फट बेताल झाली की लगेच खुपते. त्यामुळे शेवटची तडजोड कडेवर नको, वरच्या फुगवट्यात करा.

लिप एकटी लावू नका. पुढे दाब वाढला आणि मागे तसाच राहिला तर वेगात मागचं टोक हलकं पडतं. डकटेल सोबतच बसवा. बंपरचं तोंड लहान करू नका आणि इंजिनखालचा मूळ पत्रा नसेल तर आधी तो मिळवा. हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निसटली की वेगात तापमानाचा काटा चढतो. पुढच्या कमानीची मागची कड खाली १५-२० मिमी उघडी ठेवा, चाकाच्या पोकळीत कोंडलेली हवा तिथून निघून जाते. बंपरच्या आतला बार मात्र कापू नका, लिप त्याच्या खालीच अडकवा.