नऊ एकड्यांचा वर्ग केला आणि आता ३३३६६७ वर अडलोय

रिकामटेकडा४०१:
मुलीला गुणाकार शिकवताना १११११११११ चा वर्ग कागदावर केला, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, जिना चढून परत उतरतो, ती जाम खूश. मग मलाच किडा चावला की अवयव पाडू. १११११११११ ला ९ ने भागलं, १२३४५६७९ आले (मधला ८ कुठे गेला देव जाणे), त्याला ३७ ने भाग गेला आणि उरले ३३३६६७. इथे गाडी अडली. ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या झाल्या, एकानेही भाग जात नाही. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ५७७ पर्यंत जायचं तर एकूण १०६ भागाकार होतात, काही शॉर्टकट आहे का? आणि दहा एकडे घेतले तर जिना टिकतो का?

आळशी_मास्तर:
नाही टिकत. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, हातचा आला की बोंब. १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. बघा, इथेही हातच्याने ८ चा ९ केला, तुमचा ८ तसाच गेला. बाकी ३३३६६७ च्या शेवटी ७ आहे म्हणजे मूळच असणार, कशाला जीव काढताय.

बाकी_शून्य:
मास्तर, शेवटी ७ तर २७ च्या पण आहे :)
शॉर्टकट आहे. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. म्हणजे १/३३३६६७ चा दशांश काढला की ०००००२९९७ हे नऊच अंक फिरत राहतात, मग याचा जो कुठला मूळ अवयव प असेल त्याच्या १/प चं आवर्तन ९ ला भाग जाणाऱ्या लांबीचं, म्हणजे १, ३ नाहीतर ९ अंकांचं. एक अंकाचं आवर्तन असलेली मूळ संख्या फक्त ३, तीन अंकांची फक्त ३७, आणि त्या दोघांनी भाग जात नाही (३७ ने बाकी १ उरते). राहिलं ९. आता आवर्तनाच्या लांबीने प-१ ला भाग जातोच, १/१३ बघा, सहा अंक आणि १२ ला ६ ने भाग जातो. म्हणजे प-१ ला ९ ने भाग जायला हवा, शिवाय तो सम, म्हणजे १८ ने. १९, ७३, १०९, १२७ असं करत ५७७ पर्यंत मोजून सोळा संख्या. त्यातल्या १९ आणि ७३ तुमच्या झाल्यात, राहिल्या चौदा.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
त्या जिन्यासारख्या वर्गांना डेम्लो संख्या म्हणतात, नाव ठेवलं देवळालीच्या गणितवेड्या कापरेकर मास्तरांनी, तेच ६१७४ या संख्येसाठी प्रसिद्ध असलेले. डेम्लो म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं तेव्हाचं स्टेशन, आत्ताचं आमचं डोंबिवली, कल्पना तिथे सुचली म्हणून. आता सकाळी आठला त्या प्लॅटफॉर्मवर काही सुचवून दाखवा. शिवाय हर्षद संख्या (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) पण त्यांचीच, आणि १२३४५६७८९८७६५४३२१ हर्षद आहे: अंकांची बेरीज ८१, ८१ ने भागलं की १५२४१५७८९९७१०४१, तो परत १२३४५६७९ चाच वर्ग.

रिकामटेकडा४०१:
चौदाही केले. १६३ ला बाकी फक्त ६ उरली तेव्हा जरा धडधडलं, पण नाही, मूळच आहे. म्हणजे नऊ एकड्यांच्या वर्गाचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, विभाजक ५ × ३ × ३ = ४५. मुलगी केव्हाच झोपली.