वॉल हँगिंगच्या कडा आत ओढल्या जातात

प्रश्न: सोलापुरात लाकडी चौकटीवर दोन फूट रुंद तुकडा विणतेय. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवा धागा) लोकरीचा. वर जाता जाता रुंदी दीड इंच घटली. रंग बदलतो तिथे फटी पडतात. काय करू?

– बाणा सरळ ओढताय, म्हणून. प्रत्येक ओळीत दर दोन-तीन इंचांना छोटी कमान करून सैल टाका, मगच ठोका. घटलेली रुंदी परत येत नाही, तेवढं उसवा.

– फटीपाशी शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवून परत फिरवा. अर्ध्या इंचापर्यंतची छोटी फट मात्र राहू द्या, सावली झकास पडते.

– उन्हाळ्यात इथली हवा कोरडी, सूत तुटतं. जवळ ओलं फडकं टांगा. आणि मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया यांचं काम बघाच! मध्येच फणी (ताण्याचे धागे ठरावीक अंतरावर धरणारी) काढून ताणा मोकळा सोडलेला दिसेल.