वडिलांचा बहिरेपणा: ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) दावा कुठून सुरू करायचा?

वडील (वय 54) इचलकरंजीत एकाच कारखान्यात 22 वर्षं साध्या यंत्रमागावर आहेत, 12 तासांची पाळी. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, रात्रभर कानात शिट्टी वाजते. घरात आम्ही सगळेच आता ओरडून बोलतो! बीपी आहे, शुगर नाही, कान कधी फुटलेला नाही.

खासगी डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली. आवाजामुळे नस कमजोर झाली आहे, असं त्यांनी लिहून दिलंय. कापसाचे बोळे घालून पाहिले, काही उपयोग नाही. ईएसआय दवाखान्यात फक्त गोळ्या दिल्या.

पगार 21,000 च्या आत आहे, ईएसआय नियमित कापला जातो. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून आहे, एवढं वाचलंय. मालकाला अजून सांगितलेलं नाही. घरी बसवतील, हीच भीती आहे. नोकरी आत्ता सोडता येणार नाही.

कुणी हा दावा प्रत्यक्ष केला आहे का? अर्ज शाखा कार्यालयात द्यायचा की दवाखान्यातूनच मेडिकल बोर्डाकडे जातो? खासगी रिपोर्ट चालतो का? आणि मालकाच्या सहीशिवाय प्रकरण पुढे सरकतं का?