ब्लोअर रात्री बंद ठेवल्याने हरितगृह वायू खरेच कमी होतील का?

प्रश्न (मिरज)
नमस्कार. आमच्या दूधप्रक्रिया कारखान्याच्या ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) जबाबदारी माझ्याकडे आहे. एअरेशन टाकीसाठी (जिथे घाण खाणाऱ्या जिवाणूंना सांडपाण्यातून हवा पुरवतात) १५ एचपीचा ट्विन-लोब ब्लोअर (दोन फिरत्या पात्यांनी हवा ढकलणारे यंत्र) दिवसरात्र चालतो आणि ईटीपीच्या वीजबिलात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. वीज वाचेल आणि कार्बन उत्सर्जनही घटेल, म्हणून तो रात्री सलग सहा तास बंद ठेवावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. नुसत्या बिलाकडे पाहून हा निर्णय घेणे मला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (कराड)
आपली शंका रास्त आहे. ग्रिडची १ युनिट वीज वाचली, तर साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. नायट्रस ऑक्साइड मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात त्याच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. म्हणजे हा वायू १ किलो जरी निसटला, तरी जवळपास ३९० युनिटांच्या बचतीवर पाणी पडते. टाकीतले जिवाणू सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट करत असताना ऑक्सिजन अपुरा पडला, की नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण वाढते. म्हणून आधी डीओ मीटर घ्या आणि टाकीतला डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राखा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) जरूर बसवा. पण ट्विन-लोब ब्लोअरचा वेग २० टक्के उतरवला, तर वीजही साधारण तेवढीच उतरते, सेंट्रिफ्युगल ब्लोअरप्रमाणे निम्म्यावर येत नाही. खर्च किती दिवसांत फिटेल, हे त्यानुसारच मांडावे.

उत्तर (विटा)
मला मिथेनची काळजी अधिक वाटते. दुधाच्या सांडपाण्यात सीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) भरपूर असतो आणि १ किलो सीओडी हवेविना कुजला, तर पाव किलोपर्यंत मिथेन होऊ शकतो. आमच्या इक्वलायझेशन टाकीवर (जिथे येणारे सांडपाणी आधी साठवून एकसारखे करतात) तुपकट साय धरायची आणि ती फोडून काळपट बुडबुडे वर यायचे. ऑइल-ग्रीस ट्रॅप रोज साफ करणे, टाकीतले पाणी ढवळत ठेवणे आणि गाळ साठू न देता वेळच्या वेळी काढणे, एवढ्याने तो प्रकार बराच आटोक्यात आला. बिलात न दिसणारे हे उत्सर्जनही व्यवस्थापनासमोर मांडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ता (मिरज)
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी एअरेशन टाकीवर उभा राहून नीट पाहिले. सगळीकडे बारीक बुडबुडे आहेत, पण एका कोपऱ्यात मोठाल्या उकळ्या फुटत आहेत; तिथल्या डिफ्युझरचा (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या भागाचा) पडदा फाटला असावा आणि बरीचशी हवा पाण्यात न विरघळता वरच्या वर निघून जात असावी. आधी तो बदलून घेतो, डीओचे आठवडाभराचे आकडे इथे देतो, आणि तोवर ब्लोअर रात्रीही चालूच ठेवतो.