वात असलेल्या बाईला रेडिएशन देऊच नये

आर्वीकर:
मावशीला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे कातडी ताठ होत जाणारा वाताचा आजार. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळी. कातडी इतकी ताठ झालीय की बोंडातला कापूस चिमटीत धरवत नाही. आता स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जन म्हणतात, गाठ तेवढी काढू, मग रेडिएशन. माझं मत, अख्खं स्तन काढा पण रेडिएशन टाळा. आधीच आवळत चाललेली कातडी किरणांनी पुढे लाकडासारखी झाली, जखम भरलीच नाही, तर?

वरुडची सून:
सगळे वात एका दावणीला बांधू नका. आमच्या सासूबाईंना आमवात. स्तनाच्या कॅन्सरसाठी ३ आठवड्यांत १५ वेळा शेक, म्हणजे रेडिएशनच, घेतला. स्तनाखालच्या घडीत कातडी लाल झाली, सोलली, महिनाभरात भरली. मोठी भीती स्क्लेरोडर्माची आणि भडकलेल्या ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार).

आर्वीकर:
मीही स्क्लेरोडर्माचंच बोलतोय.

वरुडची सून:
शीर्षकात 'वात' कोणी लिहिलं? आमच्याकडे गुडघा दुखला तरी वातच. हे वाचून एखादी शेक अर्धवट सोडून घरी बसेल.

वऱ्हाडी गडी:
दोघंबी बरोबर बोलून रायले. पण स्तन काढलं म्हणजे शेक टळला असं नाही ना बावा! काखेत चार-पाच गाठींत कॅन्सर निघाला त मंगबी शेक लागतेच. तवा मावशीले काय सांगसान?

आर्वीकर:
तेव्हा घ्यावाच लागेल, कॅन्सर उलटण्यापेक्षा ताठ कातडी परवडली. पण पहिला डाव स्तन काढण्याचाच.

मशीनवरचा:
आमच्याकडे रेडिएशनच्या मशीनवर वेगळंच घडतं. 'आणखी काही आजार?' विचारलं की उत्तर 'बीपी'. वाताची फाइल घरी, दुसऱ्या पिशवीत. त्यात आठवड्याला एकदाची मेथोट्रेक्सेट, हे वाताचं औषध, असते. तिच्यामुळे कातडीचा त्रास वाढू शकतो, म्हणून शेकाच्या दिवसांत ती थांबवायची का, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. पेशंटने परस्पर नाही. आणि मे महिन्यात एसटीने येणाऱ्या बाईची ती स्तनाखालची घडी घामाने ओलीच असते. सुती, सैल ब्लाउज घाला, चोळू नका, हे तरी सांगा.

आर्वीकर:
फाइल सापडली, गव्हाच्या कोठीमागे. मावशी म्हणते, वेचणी झाल्यावर बघू.

वरुडची सून:
वेचणी तर संक्रांतीपर्यंत चालते. सोमवारीच न्या.