विषय: मंडळाच्या स्मरणिकेचा लॅपटॉप, तातडीचं

वैशाली:
मंडळी, मी अजून नाशिकलाच आहे. काल प्रेसमध्ये फाइल द्यायला गेले तर तिथला मुलगा म्हणे तुमचा फॉन्ट आमच्याकडे उघडत नाही, आणि आपल्या लॅपटॉपवर कुठूनतरी एक कन्व्हर्टर उतरवून टाकला, झिपला पासवर्ड, वर "मॅडम अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा". गंगापूर रोडला घरी येईपर्यंत विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसची बोंब सुरू, ट्रोजन, वाकाटाक असं काहीतरी नाव. रिमूव्ह केलं की जातं, रीस्टार्ट केलं की परत हजर. कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरमधली स्मरणिकेची फाइल, सभासद यादी, जाहिरातदारांची एक्सेल सगळं त्यातच. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. पेनड्राइव्हवर काढून घेऊ का?

सुधीर काका:
वैशाली, घाबरू नकोस. त्या नावाच्या शेवटी "!एमएल" असेल तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज असतो, चांगल्या फाइलीलाही लागतो कधी कधी. फुल स्कॅन मार आणि मोकळी हो. पण मुळात स्मरणिका नाशिकला छापायचं ठरलं कधी? मागच्या मीटिंगला पीडीएफ ठरली होती, मिनिट्स बघा.

शुभदा:
काका, मिनिट्समध्ये "शक्यतो पीडीएफ" आहे. ज्येष्ठांना हातात कागद लागतो, आणि इथल्या छपाईचा खर्च तुम्हीच मागच्या वर्षी ऐकून खुर्चीतून उठला होतात.

मंदार:
!एमएलचं काका म्हणतात ते खरंय. पण पासवर्डवाली झिप, अँटीव्हायरस बंद करायला लावणं आणि रीस्टार्टनंतर परत येणं, तिन्ही एकत्र आल्यावर मी तरी अंदाज म्हणून सोडणार नाही. झिपला पासवर्ड लावतात तो याचसाठी, उघडेपर्यंत अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही. ट्रोजन काही व्हायरससारखा आपला आपण या फाइलीतून त्या फाइलीत जात नाही, कोणीतरी डबल क्लिक करून त्याला घरात घ्यावं लागतं, पण एकदा आत आला की नेटवरून आणखी सामान उतरवतो आणि टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे विंडोज आपोआप चालवतं त्या कामांच्या यादीत, स्वतःची नोंद करून ठेवतो, म्हणून तुझ्याकडे रीस्टार्टला उगवतोय. आधी वायफाय बंद कर. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये खाली एक्सक्लूजन्स आहे, तिथे काय लिहिलंय सांग. पेनड्राइव्ह अजून लावू नको.

वैशाली:
बघितलं. तिथे नुसतं "सी:\" आहे. हे कोणी टाकलं? आणि सासरे म्हणतायत सीबीएसजवळ ओळखीचा टेक्निशियन आहे, तासाभरात फॉरमॅट मारून देतो.

मंदार:
त्या कन्व्हर्टरनेच टाकलं असणार. अख्खा सी ड्राइव्ह तपासू नकोस असं डिफेंडरला सांगून ठेवलंय, आता काकांचा फुल स्कॅन कितीही वेळा मारा, सगळं छान आहे असंच येणार. ती ओळ काढून टाक, अपडेटपुरतं नेट चालू कर, मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवड. मशीन स्वतः रीस्टार्ट होईल आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासेल, म्हणजे ट्रोजनला लपायला जागा नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. टेक्निशियनला थांबव, आधी फाइली.

सुधीर काका:
मी फुल स्कॅन म्हणालो तेव्हा एक्सक्लूजनचा विषयच निघाला नव्हता.

प्रदीप:
विषय निघालाच आहे तर, आमच्या सिडकोतल्या आत्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, नाव पत्रिकेचं पण शेवटी .एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाइल. तिने उघडली, ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, हिने ओके दाबलं, मग ओटीपी परस्पर तिकडे. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन लावला म्हणून थोडे तरी पैसे अडले. घरच्यांना सांगून ठेवा, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही.

शुभदा:
अरे बापरे, आत्या बऱ्या आहेत ना आता? त्यांच्या हातचं मांडे-पुरण अजून आठवतं.

वैशाली:
झाला ऑफलाइन स्कॅन. दोन सापडले. शेड्युलरमध्ये "सिस्टम अपडेट" नावाची एक नोंद होती, ती लॉगिन झालं की ॲपडेटा फोल्डरमधली कुठलीशी .ईएक्सई चालवत होती, नोंद आणि फाइल दोन्ही उडवली. आता दोनदा रीस्टार्ट करून शांत आहे. फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करून फक्त कोरलची फाइल आणि दोन एक्सेल पेनड्राइव्हवर घेतल्या. प्रेसला उद्या अक्षरांचे कर्व्ह्ज, म्हणजे नुसते आकार, करून पीडीएफ देते, मग फॉन्टचा प्रश्नच नको.

सुधीर काका:
म्हणजे शेवटी पीडीएफच.

मंदार:
मस्त. तरी फाइल प्रेसला गेली की फॉरमॅट करच, आत काय काय उतरलं होतं ते कोणाला छातीठोक सांगता येणार नाही. फक्त त्या टेक्निशियनला बजाव, क्रॅकवाली विंडोज नको. मंडळाच्या जीमेलचा पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नको, मी इकडून बदललाय आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउटही केलंय, कारण ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे लॉगिन झाल्याची साठवलेली खूण, चोरीला गेल्या असतील तर पासवर्ड न टाकताच आत शिरता येतं. बँकेचं लॉगिन त्यावर सेव्ह असेल तर तेही आजच, फोनवरून. नवा पासवर्ड लिस्टवर टाकणार नाही, ज्याला हवा त्याने मला फोन करा.

सुधीर काका:
मंडळाचा पासवर्ड सचिवांकडे असतो, वेबसाइट समितीकडे नाही. हे घटनेत आहे.

शुभदा:
काका, सचिव नाशिकला आहेत आणि त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट होतोय. मंदारला फोन लावा.